पेन्शन आली, घर राहिले

माजी सैनिकाच्या घराचा प्रश्न निवृत्तीच्या आदेशासोबतच सुरू होतो. शिपाई, नाईक, हवालदार या हुद्द्यांवरचे बहुतेक जवान पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी परततात. नोकरीत असेपर्यंत बरॅक, बंकर किंवा फॅमिली क्वार्टर यांपैकी काहीतरी डोक्यावर असते आणि कुठे राहायचे हे दुसऱ्याने ठरवलेले असते. निवृत्तीनंतर क्वार्टर ठरावीक मुदतीत रिकामे करावे लागते. त्याच सुमारास हाती एकरकमी पैसा येतो: ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स आणि पेन्शनचा काही भाग विकून मिळालेली रक्कम. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, भाऊ वेगळे होण्याच्या बेतात असतात. घर, पैसा आणि नाती या तिन्हींचा हिशेब एकाच वर्षात निघतो, आणि पुढच्या वीस वर्षांच्या कज्जांची बीजेही बहुधा याच वर्षात पडतात.

सातारा-सांगली पट्ट्याला हा विषय नवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावातच फौज आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात उघडली. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. वाळवा, शिराळा, खानापूर, कवठेमहांकाळ या भागांत मिलिटरीतला एकही माणूस नसलेली भावकी शोधावी लागते. निवृत्तीनंतर यांतले बरेच जण गावी टिकत नाहीत. मुलांचे शिक्षण, बायकोची सोय आणि स्वतःची दुसरी नोकरी, म्हणजे बँकेतला गार्ड, कारखान्यातला सुरक्षा रक्षक, कॉलेजच्या गेटवरचा साहेब, यांसाठी ते शहराच्या कडेला येतात. सांगलीत ही कड म्हणजे विश्रामबाग.

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या या उपनगरात विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. स्वतःचे रेल्वे स्टेशन आहे, आणि नदीपासूनचे अंतर हा इथला मोठा दिलासा आहे. लगतच्या विजयनगरात जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पुढे काही किलोमीटरवर आहे. घर, न्यायालय आणि मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग एकाच रिक्षाच्या टप्प्यात असलेली जागा पश्चिम महाराष्ट्रात सहज सापडत नाही. तरीही घरासाठी भांडणारा माजी सैनिक एका दारात जातो आणि झोप उडालेला माजी सैनिक दुसऱ्या दारात. तो एकच माणूस आहे हे दोन्ही दारांना ठाऊक नसते.

घराच्या तक्रारींत सर्वांत जुनी तक्रार भावाच्या नावावरच्या घराची. नमुना ठरलेला आहे. थोरला किंवा मधला भाऊ फौजेत जातो, मनिऑर्डरी येऊ लागतात, पुढे बँकेतून पैसे येतात. वडील गावठाणातले मातीचे घर पाडून स्लॅबचे घर बांधतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर वडिलांचे नाव असते, वडील गेल्यावर गावी असलेल्या भावाचे चढते. सुट्टीवर आलेल्या जवानाला उतारा बघायला वेळ नसतो आणि भावाचा उतारा मागणे वाईट दिसते. निवृत्त होऊन तो ट्रंका घेऊन आला की घरात त्याच्यासाठी एक खोली निघते. वर्षभरात तीही अडचणीची होते.

इथे कायदा पूर्णपणे त्याच्या विरोधात नाही. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. घर वडिलोपार्जित जागेवर असेल तर वाटणीचा दावा करता येतो. नोकरीतली कमाई एकत्र कुटुंबाची की स्वतःची, या जुन्या वादाला १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने उत्तर दिले आहे: शिक्षण वा प्रशिक्षणाच्या बळावर मिळवलेली कमाई ही मिळवणाऱ्याची स्वकष्टार्जित. पण पैसे याने पाठवले आणि नवी जागा एकट्या भावाच्या नावावर खरेदी झाली, तर बेनामी व्यवहार कायदा आडवा येतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर भावाच्या नावावरची खरेदी अपवादात बसते ती खरेदीखतावर दोघांचीही नावे असतील तरच. पत्नीच्या वा मुलांच्या नावावर आपल्या ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला ही अट नाही. गावोगाव विश्वासावर झालेल्या खरेद्या या एका कलमापाशी अडकतात, आणि वकिलाकडे येईपर्यंत ते कलम कुणी ऐकलेलेही नसते. ताब्याच्या आणि एकत्र कुटुंबातून वगळल्याच्या दाव्यांना साधारण बारा वर्षांची मुदत असते. नोकरीची वर्षे त्यातच सरलेली असतात.

या मुदतीवर एक जुना उतारा आहे. १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. युद्धपरिस्थितीत, परदेशात किंवा केंद्र सरकारने ठरवलेल्या ठिकाणी सेवेत असलेल्या जवानाविरुद्ध दावा चालू असेल आणि त्याच्या वतीने कुणी हजर नसेल, तर न्यायालयाने दावा थांबवून लष्करी अधिकाऱ्यांना कळवावे असे हा कायदा सांगतो. जिल्हाधिकाऱ्यालाही न्यायालयाला तसे कळवण्याचा अधिकार आहे. पाठीमागे झालेला एकतर्फी हुकूम रद्द करून मागता येतो आणि अशा सेवेचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. शंभर वर्षे झाली, कायदा जिवंत आहे. पण तो सेवेतल्या जवानासाठी आहे, आणि त्याचा फायदा निवृत्तीनंतर घेण्यासाठी कोणत्या वर्षी कुठे पोस्टिंग होते याचा कागद लागतो. तो रेकॉर्ड ऑफिसातून मिळतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या माणसाला त्यासाठी बेळगावला लिहावे लागते, ईएमई या लष्कराच्या यांत्रिकी शाखेतल्या माणसाला सिकंदराबादला.

दुसरी तक्रार खास सांगलीची: गुंठेवारी. निवृत्तीची रक्कम बँकेत पडली की एजंटाला ती कशी कळते हे कोडेच आहे. शहराच्या कडेला शेतजमिनीत पाडलेला एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट, म्हणजे हजार-दोन हजार चौरस फूट, स्वस्तात दाखवला जातो. तुकडेबंदी कायद्यामुळे २०२५ पर्यंत इतक्या लहान तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येत नसे, म्हणून व्यवहार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून होत आले. सातबाऱ्यावर नाव येत नाही किंवा इतर हक्कात कुठेतरी येते. बँक कर्ज देत नाही, म्हणून उरलेली सगळी पुंजी बांधकामात जाते. मग पाण्याची लाइन नाही, गटार नाही. सांगलीतल्या शामरावनगरसारख्या भागात काळ्या मातीत पावसाचे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. कधीतरी मूळ जमीनमालकाचा मुलगा येऊन सांगतो की वडिलांनी हा तुकडा आधीच दुसऱ्याला दिला होता. महाराष्ट्र गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. नियमितीकरणाचा दाखला मिळाला की घर पाडले जाण्याची भीती जाते. मात्र मूळ व्यवहारातली फसवणूक त्या दाखल्याने धुऊन निघत नाही. तिच्यासाठी दिवाणी दावा किंवा पोलीस ठाणे, किंवा दोन्ही.

तिसरी तक्रार कृष्णेच्या पुराची. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ ची वर्षेही लोकांच्या बोलण्यात सतत येतात. पुरात घर तर जातेच, त्याच्यासोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ) आणि मेडिकल बोर्डाचे कागदही जातात. माजी सैनिकाच्या बाबतीत हे नुकसान दुहेरी. कारण ओळखपत्र, पेन्शन, उपचार आणि सवलत या सगळ्यांचे मूळ त्या एका लोखंडी पेटीत असते. २०१९ नंतर नदीकाठच्या पेठांतून विश्रामबाग-कुपवाडकडे सरकलेल्या कुटुंबांना इथली भाडी जड जाऊ लागली, ती अजून हलकी झालेली नाहीत.

भाड्याच्या घराच्या बाबतीत कायद्याची एक गंमत आहे, आणि ती या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये सैनिकांसाठी वेगळे कलम आहे, २३ वे. सेवेतला वा निवृत्त सैनिक, आणि काही अटींवर त्याचा वारस, स्वतःच्या राहण्यासाठी आपले भाड्याने दिलेले घर परत मागू शकतो. लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र जोडायचे: हा माणूस सैन्यात आहे किंवा होता, आणि त्या ठिकाणी त्याच्याकडे राहण्याजोगे दुसरे घर नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे प्रकरणाचा कणा. अर्ज नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जात नाही. शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समन्स लागल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची. मागितली नाही, तर अर्जातले म्हणणे मान्य समजून घर खाली करण्याचा आदेश होतो. एरवी भाडेकरूचा दावा दहा-पंधरा वर्षे चालतो त्या राज्यात ही तरतूद फारच मोलाची आहे. शेतजमिनीतही असेच: कुळकायद्यात १९६४ साली स्वतंत्र प्रकरण घालून सैनिक जमीनमालकाला आपली जमीन कुळाकडून परत घेण्याची वाट दिली गेली.

दोन्ही कायद्यांत सैनिक आहे तो मालक म्हणून. घर असलेला, जमीन असलेला, फक्त ती दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली. भाडेकरू सैनिक कायदेमंडळाच्या डोळ्यांपुढे कधी आलाच नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर विश्रामबागेत राहणाऱ्या निवृत्त नायकाला कुठल्याच कायद्याने वेगळे संरक्षण दिलेले नाही. मुदत संपली की त्याच सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, त्याच झटपट पद्धतीने, कलम २४ खाली त्याच्यावर अर्ज होऊ शकतो, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाई लागते. त्याच्या बाजूला असलेले शस्त्र एकच, तेही सगळ्यांचेच. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. डिपॉझिट किती दिले, भाडे किती ठरले, या वादांत हे कलम कामी येते. कराराची नोंदणी झाली आहे का एवढे विचारले तरी अनेक प्रकरणे तडजोडीला येतात.

कर्जाचे हप्ते थकल्याची प्रकरणे वेगळी. पेन्शनवर जप्ती येत नाही. १८७१ चा पेन्शन कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० दोन्ही तसे सांगतात. घराचे तसे नाही. सरफेसी कायदा, २००२ खाली बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेऊ शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस असतात. मनाने खचलेला माणूस पाकिटे उघडत नाही. साठ आणि पंचेचाळीस दिवस टेबलावरच्या बंद पाकिटात निघून जातात.

उतारवयातला प्रश्न मुलांचा असतो. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले, मग मुलगा विचारेनासा झाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चे कलम २३ इथे उपयोगी पडते: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळू शकते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचाही अधिकार असल्याचे स्पष्ट केले. मात्र ती अट बक्षीसपत्रात किंवा सोबतच्या कागदात दिसावी लागते. दस्त करताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ ही एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. बाप ती लिहायला संकोचतो, एवढेच. सून घरात राहत असेल तर २०२० च्या एस. वनिता निकालाप्रमाणे तिचा निवासाचा हक्कही तोलावा लागतो.

आता मनाचा भाग. युद्धातल्या किंवा काश्मीर-ईशान्येकडच्या पोस्टिंगमधल्या प्रसंगांनी होणारा आघातोत्तर ताण लोकांना सिनेमांमुळे माहीत झाला आहे. प्रत्यक्षात दिसतो तो त्याहून साधा आजार: झोप न लागणे, चिडचिड, दारू वाढणे, कुणाशी न बोलणे, पहाटे चारला उठून अंगणात फेऱ्या मारणे. घरचे म्हणतात, मिलिटरीतून आल्यापासून असेच आहे. शिस्तीच्या आयुष्यातून बिनशिस्तीच्या आयुष्यात आलेल्या माणसाला हुकूम द्यायला कुणी नसते आणि घ्यायलाही कुणी नसते. त्यात घराचा कज्जा सुरू झाला की आजार आणि कज्जा एकमेकांना पोसतात. तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. झोप नाही म्हणून तारखेला जाणे होत नाही. गेले नाही म्हणून एकतर्फी हुकूम होतो. कॅन्टीनची बाटली स्वस्त मिळते, हेही नोंदवले पाहिजे.

उपचारांच्या वाटा आहेत. पेन्शनधारकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन नोंदणीकृत रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाता येते. मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय त्याला जोडलेले आहे. तिथे ईसीएचएस कार्ड नसलेल्यालाही दार उघडे आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीतही. तिचा सैन्यदलांसाठीचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. आत्महत्येचे विचार येत असतील तर याच क्रमांकावर रात्रीसुद्धा बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न पाहता तीव्र तणावाचे लक्षण म्हणून पाहायला सांगितले आहे.

तरीही माणूस जात नाही. याचे कारण लाज एवढेच असते असे मानणे सोपे आहे. घराचा वाद चालू असलेल्या माजी सैनिकाला एक व्यावहारिक भीतीही असते: डॉक्टरची चिठ्ठी भावाच्या वकिलाच्या हाती लागली तर? ‘याचे डोके ठिकाणावर नाही’ असे म्हणून सही, मृत्युपत्र, ताबा, सगळेच वादात ओढले जाईल. भीती निराधार नाही. खेड्यात असे डाव खेळले जातात. कायदा मात्र बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ३ सांगते की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे निदान झाले, एवढ्यावरून तो विकृत मनाचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. कलम ४ प्रत्येकाला उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे गृहीत धरते. कलम १९ म्हणते की कुटुंबाने स्वीकारले नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. आणि कलम २७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

हे शेवटचे कलम चित्र पालटून टाकते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक अशी यादी आहे. ‘माजी सैनिक’ असा शब्द त्यात नाही. पेन्शनधारक हवालदार उत्पन्नाच्या मर्यादेत बसतोच असे नाही, म्हणून अनेकांना परत पाठवले जाते. पण ज्याचे निदान झालेले आहे त्याला उत्पन्न विचारायचे कारण नाही. ज्या कागदाची भीती वाटत होती तोच कागद वकिलाचे दार उघडतो. विजयनगरच्या न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात हा कागद घेऊन जावे, असे मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागात सांगणारा कुणी असेल तर दोन दारांमधले अंतर मिटते. आज सांगणारा नेमलेला नाही. एखादा समाजसेवा अधीक्षक स्वतःहून सांगतो, तेवढेच.

अमेरिकेत हे काम व्यवस्थेने बांधले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतच वकील बसवण्याचे प्रयोग झाले. कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कमधल्या अशा केंद्रांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घराच्या, उत्पन्नाच्या आणि मानसिक आरोग्याच्या स्थितीत सुधारणा दिसली. भाड्याची कुपने आणि सोबत समाजसेवक ही योजना तिथे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. जानेवारी २०१० च्या मोजणीत ७४,०८७ माजी सैनिक बेघर होते. जानेवारी २०२४ मध्ये ३२,८८२. भारतात जनगणनेत बेघरांची नोंद होते, पण त्यांतले माजी सैनिक वेगळे काढले जात नाहीत. इथे भावाच्या पडवीत झोपणारा माणूस बेघर म्हणून कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आपल्याकडे जवळचे पाऊल पडले ते २६ जुलै २०२५ रोजी. कारगिल विजय दिनी श्रीनगर येथे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यानुसार राज्य आणि जिल्हा सैनिक मंडळांत विधी सेवा चिकित्सालये चालवायची आहेत: पॅनेलवरचा वकील आणि निमविधी स्वयंसेवक, शक्यतो माजी सैनिक किंवा सैनिक कुटुंबातलाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणूस शिष्यवृत्ती, ओळखपत्र, पेन्शनच्या कामाला येतोच. तिथेच वकील भेटला तर घराचा कागदही पिशवीतून निघेल. यात मनोविकारांचा समुपदेशक आठवड्यातून एक दिवस बसवला, तर नव्या इमारतीची गरज नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्यातल्या वैद्यकीय यंत्रणेला पत्र देणे त्यांच्या हातात आहे.

कुठे जायचे नाही हेही सांगायला हवे. सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आले, २००९ पासून चालते आणि त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तिथे सेवा आणि पेन्शनचे वाद जातात, घराचे नाही. मात्र मानसिक आजारामुळे सेवेतून काढलेल्यांसाठी अपंगत्व पेन्शनची वाट तिथूनच आहे. भरतीच्या वेळी कागदावर नसलेला आजार पुढे झाला तर तो सेवेमुळे झाला असे मानण्याकडे कल ठेवावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह निकालात मांडले. त्याच वर्षी वीरपाल सिंह यांच्या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात मेडिकल बोर्डाचे मत डोळे झाकून मान्य करायला नकार दिला. पेन्शन वाढली की भाडे परवडते. म्हणून हा खटलाही एका अर्थी घराचाच.

अपंगत्व आल्यावर उभे राहता येते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर ईएमईत होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. पोहण्याचे सगळे सांगतात. त्यांना उभे करणारी गोष्ट पगाराची नोकरीही होती, हे कमी सांगितले जाते.

घरे पुरवणाऱ्या योजना आहेत. त्या पुरेशा आहेत असे कुणी म्हणणार नाही. सैन्याची गृहनिर्माण संस्था १९७८ पासून ना नफा ना तोटा तत्त्वावर घरे बांधते, पण ती मोठ्या शहरांत आणि हवालदाराच्या पेन्शनला झेपतील अशी थोडीच. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी कोटा आहे आणि सांगली पुणे मंडळात येते. केंद्रीय सैनिक मंडळाकडून युद्धात जखमी झालेल्यांना आणि शहिदांच्या कुटुंबांना गृहकर्जाच्या व्याजाच्या निम्म्या रकमेचा परतावा, कमाल एक लाख रुपयांपर्यंत, मिळतो. महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती मालमत्ता करात माफी दिली. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. याही सवलतीत घर आधी स्वतःचे हवे. सैनिकांच्या नावाने घरे बांधण्याची सर्वांत गाजलेली महाराष्ट्रीय कहाणी मात्र कुलाब्याच्या ३१ मजली आदर्श सोसायटीची आहे. २०१० मध्ये तिच्यावरून मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. चौकशी आयोगाने जमीन राज्याची असून कारगिलच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हती असे म्हटले. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडायचा आदेश दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. विश्रामबागेतल्या भाडेकरूला या सगळ्यातून एक खोलीही मिळाली नाही.

वीरनारीच्या आणि सैनिकाच्या विधवेच्या बाबतीत कायदा तुलनेने उदार आहे. स्त्री म्हणून तिला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ तिला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क देते. नवऱ्याच्या दारूने त्रासलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीलाही हेच कलम लागू आहे. तिला मात्र ते सैनिक कल्याण कार्यालयात कुणी सांगत नाही, कारण तिथे ती ‘सैनिकाची बायको’ म्हणून आलेली असते आणि तक्रार सैनिकाविरुद्ध असते.

पेन्शन न मिळालेल्यांचा गट सर्वांत उघड्यावर आहे. पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी बाहेर पडलेल्या शिपायाला पेन्शन नाही, आणि एरवी ईसीएचएसही नाही. पासष्टी ओलांडलेल्या अशा गरजूंना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मिळणारे मासिक अनुदान चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. पासष्टीच्या आतल्यांसाठी असे काही नाही. याच गटात लवकरच अग्निवीरांची भर पडेल. २०२२ च्या योजनेची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला भरती झाली. चार वर्षांनी तिच्यातले निदान तीन-चतुर्थांश तरुण सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. म्हाडाचा कोटा आणि घरपट्टीची माफी यांची दारे या दर्जावरच उघडतात. गुंठ्याचा प्लॉट विकणाऱ्या एजंटाला मात्र दर्जा पाहायचा नसतो. चोविशी-पंचविशीत हाती आलेल्या त्या रकमेसाठी कायद्याने दिलेले संरक्षण इतर कुठल्याही नागरिकाएवढेच आहे. मोफत वकिलासाठी त्यांना उत्पन्नाचा दाखला लागेल, आणि मनोविकारांच्या उपचारासाठी मिरजेच्या सार्वजनिक बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढावा लागेल.